राबावरची कुटी

खालापूर तालुक्यात मी गेले ती एका सुखी माणसाला पाहायला. परतले तेव्हा माझ्या केसांना धुराचा वास होता, उजव्या तळहातावर पोळल्याचा फोड होता, आणि चार वर्षे जे मी मोठ्या विश्वासाने लिहीत आले होते त्यातल्या एकाही ओळीकडे सरळ नजरेने पाहण्याचे धैर्य माझ्यात उरले नव्हते.

थोडे मागचे सांगायला हवे. एका मासिकात मी 'जुन्या जगाचे शहाणपण' या नावाचे सदर चालवीत असे. ग्रीस आणि रोम येथील तत्त्वचिंतक, आणि त्यांचे विसरलेले ग्रंथ अनेक शतकांनी पुन्हा उघडून नव्या डोळ्यांनी वाचणारे इटली-फ्रान्सकडचे पंडित, यांच्या विचारांतून आजच्या माणसाला काय घेता येईल, हा त्या सदराचा विषय. महायुद्ध सुरू होते. धान्य, रॉकेल, कागद सारेच मोजून मिळत होते आणि माणसांची मने भेदरलेली होती. अशा वेळी चित्ताची स्थिरता, थोडक्यात समाधान, ग्रंथांच्या सहवासातला एकांत, जे आपल्या हाती नाही त्याचे ओझे न वाहणे, असले विषय वाचकांना फार रुचत. पत्रे येत. त्यांत नारायण गुरुजींची पत्रे निराळी असत. हे कर्जतच्या एका शाळेतले शिक्षक. माझे लेख वाचून त्यांनी शाळा सोडली, चौकजवळ डोंगराच्या पायथ्याशी आपल्या शेतात कुटी बांधली, आणि तेथे ते एकटे राहू लागले. 'ताई, आपल्या शब्दांनी मी मुक्त झालो,' असे त्यांनी लिहिले तेव्हा माझे डोळे भरून आले होते, हे कबूल केले पाहिजे. सदराचे पुस्तक व्हायचे ठरले तेव्हा शेवटचे प्रकरण त्यांच्यावर लिहायचे मी योजले. दोन हजार वर्षांपूर्वीचे शहाणपण आपल्या काळात, आपल्या मातीत जगणारा माणूस! माघ संपता संपता मी पुण्याहून निघाले.

कर्जत

घाट उतरताच हवा बदलते. वरची कोरडी, धारदार थंडी सुटते आणि अंगाला एक मऊ, ओलसर ऊब लागते. जणू कुणी दुलईचे टोक अंगावर ओढले. स्टेशनावर माझी कॉलेजातली मैत्रीण उमा आली होती. तिचे यजमान कर्जतला वकील. तिच्या परसदारातून उल्हास नदीचे पात्र दिसते. कातळांमधून अंग चोरून जाणारे हिवाळ्याचे पाणी, आणि पलीकडे भिवपुरीच्या डोंगरावरून खाली उतरणारे विजेच्या कारखान्याचे ते प्रचंड नळ. त्या नळांतल्या पाण्याची वीज मुंबईला जाते, आणि उमाच्या माजघरात कंदील. हे सांगून ती हसली, मीही हसले. तेव्हा मला त्यात हसण्यासारखेच वाटले.

तिने तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या. आम्हां घाटावरच्यांना ज्वारीच्या भाकरीचा खमंग करपट वास सवयीचा; ही भाकरी मात्र पांढरीशुभ्र, पातळ, हातरुमालासारखी घडी घालता येईल इतकी मऊ. सोबत डाळिंब्यांची उसळ.

"कुणाला भेटायला आलीस म्हणालीस? नारायण गुरुजींना?" उमाने वाढता वाढता विचारले. "अगं, त्यांनी शाळा सोडली तेव्हा पोरांनी पेढे वाटले होते. रागीट फार."

"आता नाहीत. आता ते शांत झाले आहेत."

"असतील बाई. कुणी बोलायलाच नाही म्हटल्यावर मीसुद्धा शांत होईन. चार दिवस मिळू देत मला तसे!"

मी तिला थट्टेखोर समजत आले आहे. ती नुसती थट्टा नव्हती हे कळायला मला दोन दिवस लागले.

चौकच्या वाटेवर

दुसऱ्या दिवशी कोळशाच्या धुरावर चालणाऱ्या मोटारीने चौक गाठले. मागे पिंपासारखी भट्टी बांधलेली ती मोटार चढ आला की धापा टाकी, आणि ड्रायव्हर उतरून सळईने निखारे ढोसी. तेवढ्यात प्रवासी खाली उतरून पाय मोकळे करीत. समोर इर्शाळचा सुळका. त्याच्या माथ्याला आरपार नेढे आहे. सूर्य सरकतो तसे त्या भोकातून आभाळ कधी निळे, कधी पांढरे दिसते. कवितेवर पोसलेल्या माझ्या मनाला त्यात लगेच उपमा सुचल्या. सगळ्या मी वहीत टिपल्या. आज त्या वाचवत नाहीत.

चौकला उतरले तर मला न्यायला बैलगाडी उभी होती, आणि गाडी हाकायला एक बाई. चाळिशीची, काटक, काष्ट्याचे लुगडे, कपाळावर ठसठशीत कुंकू. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिले.

"पुन्याचे गुरू ते तुमीच?"

"गुरू नव्हे हो. मी लिहिते."

"आगं बाय! आमाला वाटलं, कोनी दाढीवाला बाबा आसंल. म्या तर गाडीत गोनपाट बी हातरलं नाय. बसा, बसा."

गाडी हलली. वाटेत दोन्ही बाजूंना भाताची कापलेली खाचरे, त्यांत ओलीवर पेरलेला वाल, आणि वाऱ्यावर त्याच्या पानांचा हिरवट, किंचित कडवट वास. मी विचारले, "तुम्ही गुरुजींच्या शेजारच्या का?"

तिने मान वळवली. बैलांनी आपली वाट धरली होती.

"मी त्यांची बायको."

माझ्या हातातली वही निसटून गाडीच्या साट्यात पडली. दोन वर्षांत गुरुजींची मला तेवीस पत्रे आली होती. त्यांत इर्शाळवरची पहाट होती, पावश्याची हाक होती, आपल्या मनाची बारीकसारीक परीक्षा होती. बायको कुठेच नव्हती. मी त्यांना विधुर समजत होते. खरे सांगायचे तर मी काहीच समजत नव्हते. मी विचारलेच नव्हते.

"नाव काय तुमचं?" मी कसेबसे म्हणाले.

"चंद्रा. तुमाला लिवलं आसंल की त्यांनी."

मी वाकून वही उचलू लागले. तिला उत्तर पोचले. "लिवलं नाय व्हय," ती म्हणाली आणि बैलांना हाकारू लागली.

कुटी

घरी गाडी सोडून आम्ही पायी निघालो; शेत तेथून अर्ध्या मैलावर. खाचरे सखल, आणि त्यांच्या डोक्याशी एक उंचवट्याचा तुकडा. त्यावर ती कुटी. पेंढ्याचे छप्पर, कुडाच्या भिंती, आत शेणाने सारवलेली इतकी सुबक जमीन की पाऊल टाकायला संकोच व्हावा. एका फळीवर माझे लेख, महिन्यांच्या क्रमाने दोऱ्याने शिवलेले. गुरुजी उंच, कृश, पांढरी दाढी राखलेले. त्यांनी मला वाकून नमस्कार केला. दोन वर्षे केवळ अक्षरांतून ओळखीचा असलेला माणूस समोर उभा राहिला की जो एक गोड संकोच वाटतो तो मला वाटायला हवा होता; पण माझी नजर दाराबाहेर होती. चंद्राबाईंनी डोक्यावरची पाटी उतरवली, एका सपाट दगडावर फडक्यात बांधलेली भाकरी ठेवली, दोनदा खाकरल्या आणि निघाल्या.

"त्या आत का येत नाहीत?"

"मौनाची वेळ आहे," गुरुजी म्हणाले. "तिला सांगून ठेवले आहे. भाकरी दगडावर ठेवायची आणि खाकरायचे. चिंतनात खंड पडत नाही."

"रोज?"

"रोज. पावसाळ्यातसुद्धा. अगदी नियमाने," ते कौतुकाने म्हणाले.

जमीन कोण सारवते हे मी विचारले नाही. मग त्यांनी एक पत्र्याची डबी उघडली आणि तीतून जपून ठेवलेला कागद काढला. माझे पत्र. कुटी कोठे बांधावी असे त्यांनी विचारले होते, त्याचे उत्तर. आपल्याच हस्ताक्षरातील ओळी दुसऱ्याच्या हातात पाहणे विचित्र असते. मी लिहिले होते की जागा घरापासून दूर असावी, उंच आणि कोरडी असावी, सकाळचे ऊन प्रथम तेथे यावे, आणि शेताच्या माथ्यावर असेल तर उत्तम. हे सारे जुन्या ग्रंथांतील एकांतवासांची वर्णने वाचून, पुण्यात, खिडकीशी बसून.

"सगळ्या शेतात अशी हीच एक जागा होती," गुरुजी म्हणाले. "आपण जणू पाहून लिहिलेत."

त्या क्षणी त्या वाक्याने मी सुखावले. त्याचा अर्थ मला संध्याकाळी कळला.

चुलीपुढे

उतरत्या उन्हात चंद्राबाईंच्या अंगणात पोपटी लावली होती. वालाच्या शेंगा संपत आल्या होत्या, ही मोसमातली शेवटची. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, ओवा, जाडे मीठ, तोंडात पुन्हा पाला कोंबून मडके पालथे घालायचे आणि सभोवती पाचोळा पेटवायचा. पाण्याचा थेंब नाही. पाल्याच्याच वाफेवर शेंगा शिजतात. मडके फोडले तेव्हा जो दरवळ उठला तो मी जन्मात विसरणार नाही. शेजारचे धोंडूकाका, सत्तरीचे गृहस्थ, माझ्यापुढे शेंगांचा ढीग लोटीत म्हणाले, "खावा बाई. पुन्यात ह्यो वास मिळायचा नाय. तितं नुसती हुशारी मिळते."

"काका, पावन्या हायेत त्या," चंद्राबाई ओरडल्या.

"मग? पावन्यांनाच तर बोलायचं. घरच्यांना बोलून दमलो."

मीच विषय काढला. कुटीची जागा किती सुंदर आहे, असे काहीसे म्हणाले. धोंडूकाकांनी शेंग सोलता सोलता चंद्राबाईंकडे पाहिले.

"बाई, तो आमचा राब हाय," चंद्राबाई म्हणाल्या.

मला राब ठाऊक नव्हता. त्यांनी समजावून सांगितले, एखाद्या लहान मुलीला सांगावे तसे. भात थेट खाचरात पेरीत नाहीत. आधी शेताच्या उंच, कोरड्या, पाणी न साचणाऱ्या तुकड्यावर शेण, झाडांचा टहाळ, वाळक्या पानांचा पातेरा आणि गवत असे थर पसरून वर माती दाबायची, आणि ते सगळे भाजायचे. आगीने तण मरते, राखेने जमीन मऊ होते. मग त्या काळ्या तुकड्यावर बी टाकायचे, आणि तेथे उगवलेले रोप उपटून खालच्या सगळ्या खाचरांत लावायचे. म्हणजे चार खाचरांचे भात त्या एका तुकड्यातून निघते.

"आनि तितं ह्ये बसले डोळं मिटून," धोंडूकाका म्हणाले.

"पहिल्या साली लोकांनी लावनी करून उरलेली रोपं दिली. उशिराची. निम्मं पोचट निघालं. गेल्या साली थोडीच उरली. दोन खाचरं तशीच ऱ्हायली. औंदा राब भाजला नाय, तर चारी ओसाड." चंद्राबाईंनी पीठ मळायला घेतले. "म्या सांगितलं. ते म्हनाले, पुन्याच्या गुरूंनी हीच जागा दावली."

हातातली शेंग मला तोंडापर्यंत नेता येईना. पुण्यात बसून, ज्या गावाचे मी नावही ऐकले नव्हते तेथल्या चार खाचरांवर मी बोळा फिरवला होता, आणि तेथे दोन वर्षे नीट भात उगवले नव्हते. मी क्षमा मागितली असावी. शब्द आठवत नाहीत.

"तुमाला काय ठावं," त्या सहज म्हणाल्या. तव्यावर भाकरी टाकली. पाणी फिरवले. मग माझ्याकडे न पाहता विचारले, "बाई, त्या तुमच्या पुस्तकांतली मानसं बी अशी कुटीत बसायची?"

"काही जण बसत."

"मग त्यांना भाकर कोन नेऊन द्यायचं?"

मी कितीतरी ग्रंथ मनात भराभर उलटले. एकांताची स्तुती आठवली, अल्पाहाराची आठवली. चूल कोठेच आठवेना. शेवटी जे खरे होते ते सांगितले. "त्यांच्या घरी दास असत. विकत घेतलेली माणसं."

त्यांचा हात भाकरीवर थांबला. "मानसं? विकत?"

"हो."

"आनि त्यांची बी नावं हायेत त्या पुस्तकांत?"

"एखाद-दुसऱ्याचं असेल. बाकीच्यांची नाहीत."

भाकरीचा काठ करपू लागला होता. तो वास नाकात शिरला तशा त्या भानावर आल्या आणि एकाएकी हसत सुटल्या. लुगड्याच्या पदराने डोळे पुसावे लागले इतक्या. "बगा काका! मी त्यांच्याहून बी स्वस्त! मला कुनी विकत सुदिक घेतली नाय. उलट माज्या बापानं वर दोन बैल दिले!"

धोंडूकाका हसले. मी हसू शकले नाही. चार वर्षे मी ज्यांच्या समाधानाचे गुणगान केले त्यांच्या घरांत चुली पेटत होत्या, पाणी भरले जात होते, जमिनी सारवल्या जात होत्या, आणि माझ्या सदरात त्या धुराचा एक कणही नव्हता.

"उद्या सकाळी भाजनार हाय मी राब," चंद्राबाई म्हणाल्या. आवाज अगदी साधा. "टहाळ आनून ठिवलाय. कुटीच्या भवती थर लावून झालाय, तुमी बगितला न्हवं?"

मी पाहिला होता. अंगणाला कुंपण केले आहे असे मला वाटले होते.

राब

सकाळी वारा पडलेला असतो. म्हणून राब तेव्हा भाजतात. आम्ही पोचलो तेव्हा इर्शाळच्या नेढ्यातून नुकता उजेड येऊ लागला होता. चंद्राबाईंच्या हातात खापरावर निखारे. कुटीच्या चारी बाजूंनी, थेट भिंतींपर्यंत, शेण, टहाळ, पातेरा, गवत. गुरुजी दारात मांडी घालून बसलेले.

"उठा," चंद्राबाई म्हणाल्या.

"मी उठणार नाही. तुला जे करायचे ते कर. बाहेरच्या गोष्टी माझ्या हाती नाहीत. माझे मन माझ्या हाती आहे, आणि ते शांत आहे."

वाक्य माझे होते. तिसऱ्या की चौथ्या लेखातले. मी चंद्राबाईंकडे पाहिले. त्या निखाऱ्यांवर फुंकर घालीत होत्या.

"बरूबर हाय," त्या म्हणाल्या. "आग बी बाहेरचीच हाय. ती तरी कुनाच्या हातात हाय, गुरुजी? आनि माजं मन माज्या हातात. ते बी शांत हाय."

त्यांनी वाकून गवताला निखारा लावला. पलीकडच्या टोकाला, पण लावला. थोडा धूर, मग एक लहानशी पिवळी जीभ.

"बाई, तुमी सांगा त्यांना," त्या मला म्हणाल्या. "माजं ते ऐकत नाय. तुमचं ऐकतील."

मी थर तुडवीत कुटीपाशी गेले. गुरुजींच्या चेहऱ्यावर माझ्याविषयी केवढा विश्वास होता! तो पाहून मला रडू आले असते, पण धुराने आधीच आले होते.

"गुरुजी, ते पत्र चुकीचं होतं. राब म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं."

"पण ताई, त्या थोर पुरुषांना तर..."

"त्यांनाही नव्हतं. त्यांना भाकरी आयती मिळत होती. आणि ती कोण देतं हे तुम्ही मला तेवीस पत्रांत एकदाही लिहिलं नाहीत, मीही विचारलं नाही. उठा आता."

ते माझ्याकडे पाहत राहिले. रागीट गुरुजी, ज्यांच्याविषयी उमा बोलली होती, ते क्षणभर त्या डोळ्यांत येऊन उभे राहिले. मग तेही गेले, आणि उरला एक गोंधळलेला, वयस्क माणूस. त्यांनी दगडाकडे पाहिले. त्यावर आजची भाकरी नव्हती.

ते उठले. बाहेर आले ते मोकळ्या हातांनी. शिवलेले लेख फळीवरच राहिले होते. ते काढायला मी आत धावले आणि पेटती काटकी बाजूला सारताना हात पोळून घेतला. बाहेर येऊन पाहते तो गुरुजी धुराच्या तोंडाशीच खोकत उभे.

"तिकडं नाय हो! हिकडं या, बांधाच्या अंगाला!" चंद्राबाई ओरडल्या, आणि त्यांच्या हातात हिरव्या पानांची एक फांदी दिली. "आग बांधावर आली, तर हानायचं. वालाकडं जाऊ द्यायची नाय."

दोन वर्षे एका जागी स्थिर बसलेला तो माणूस बांधाच्या कडेने पुढे-मागे धावू लागला. कुटीचे छप्पर पेटले तेव्हा पेंढ्याचा गोड, भाजक्या धान्यासारखा वास सुटला. "राख चांगली व्हईल," चंद्राबाई म्हणाल्या. माझ्या हातातले लेख पाहून त्या थबकल्या. मला वाटले, तेही टाका म्हणतील, आणि मी टाकले असते.

"ते ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "दुपारी वाचतील. जेवल्यावर."

पुणे

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. मोठे बंधू वारल्यापासून मी आणि वहिनी दोघीच राहतो. लिहिण्याच्या टेबलावर नेहमीप्रमाणे झाकलेले ताट होते. अकरा वर्षे ते तेथे असते. मी झाकण उचलले आणि पुन्हा ठेवले. स्वयंपाकघरात गेले.

"वहिनी, तुम्ही कधी जेवता?"

त्या दचकल्या. "का गं? हाताला काय झालं तुझ्या?"

"कधी जेवता?"

"तू लिहीत असतेस तेव्हा," त्या म्हणाल्या.

ज्येष्ठाच्या शेवटी गुरुजींचे पत्र आले. चोविसावे, आणि सर्वांत लहान. 'रोप वीतभर झाले आहे. चंद्रा म्हणते, कुटी होती तेथे ते सर्वांत हिरवे आहे. ती सांगते, लावणीला माणसे कमी आहेत. येणार असाल तर जुने लुगडे आणा.'

पुस्तकाचे शेवटचे प्रकरण मी लिहिलेले नाही. ते ग्रंथ मी फेकूनही दिलेले नाहीत, दुपारी वाचते. हे प्रवासाचे लिहून ठेवले आहे तेवढे, आणि आत वहिनी पाट मांडीत आहेत, दोन, त्याचा आवाज आला, म्हणून येथेच थांबते.